कर्करोगाचा धोका, भाग ९ : पिशवी काढण्याआधी एक तपासणी

गेल्या आठवड्यात आपण तंबाखू आणि मिश्रीबद्दल बोललो. तिथला धोका निदान डोळ्यांना दिसतो, पुडीवर छापलेला असतो. गर्भाशयाच्या मुखाचा, बायकांच्या बोलण्यातला ‘पिशवीच्या तोंडाचा’ कर्करोग तसा नाही. त्याच्या मुळाशी एक विषाणू असतो आणि तो शरीरात आल्याचं बाईला कळतही नाही.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, थोडक्यात एचपीव्ही. त्याचा सोळावा प्रकार या कर्करोगाच्या गाठींमध्ये हाराल्ड त्सुर हाउझन या जर्मन शास्त्रज्ञाने १९८३ साली शोधला, पुढच्याच वर्षी अठरावा. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, म्हणून घरात त्याचं नाव काढायला संकोच वाटतो. पण ही लागण इतकी सर्वसाधारण आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांना ती आयुष्यात कधी ना कधी होते, अगदी नवऱ्याशिवाय दुसरा पुरुष माहीत नसलेल्या बाईलाही. तिच्यावरून कुणाच्या चारित्र्याचा अंदाज बांधणं हा शुद्ध अन्याय आहे. बहुतेकींचं शरीर वर्ष-दोन वर्षांत विषाणूला आपोआप हुसकावतं. थोड्या जणींमध्ये तो ठाण मांडतो, तिथल्या पेशी बदलू लागतात आणि त्यांचा कर्करोग व्हायला साधारण पंधरा-वीस वर्षं लागतात. एचआयव्हीची लागण, धूम्रपान किंवा पुष्कळ बाळंतपणं असतील तर धोका वाढतो.

ही पंधरा-वीस वर्षं फार मोलाची आहेत. बदललेल्या पेशी या काळात सापडल्या, तर तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा कापून काढता येतो. पिशवी शाबूत राहते.

हे ठामपणे सांगण्याचं कारण बीड जिल्ह्यात आहे. पांढरं जातं, ओटीपोटात दुखतं म्हणून दवाखान्यात गेलेल्या कितीतरी ऊसतोड बायकांना ‘उद्या कॅन्सर होईल’ अशी भीती घालून त्यांच्या पिशव्या काढल्या गेल्या. २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. ८२ हजारांवर ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली आढळली, त्यांतल्या कितीतरी अगदी तरुण. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाचं लक्षण असतं, औषधाने बरं होतं. धोका खरा होता की नव्हता हे साध्या तपासणीने कळू शकलं असतं. कर्करोगाची भीती घालून असं ऑपरेशन करणं ही बाईची फसवणूक आहे.

आणि ही तपासणी किती उपयोगी पडते, याचा पुरावा बीडच्या शेजारच्याच जिल्ह्याने जगाला दिला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलने १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मोठा अभ्यास केला. मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था सोबत होत्या. ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून अधिक बायका, ५२ ग्रामसमूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही चाचणी झाली, एकाची पॅप (गर्भाशयमुखाच्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं), एकाची व्हिनेगरमधलं आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी. चौथ्या गटाला फक्त माहिती दिली. आठ वर्षांनी चौथ्या गटात या कर्करोगाने ६४ मृत्यू झालेले होते, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४. गट साधारण सारख्याच आकाराचे, आणि चाचणी आयुष्यात एकदाच झालेली. चौथ्या गटाला तपासणीविना ठेवणं योग्य होतं का, यावर पुढे वाद झाला. तो व्हायलाच हवा होता. त्या ६४ बायकाही याच गावांतल्या होत्या.

मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने आम्ल लावण्याचीच पद्धत दर दोन वर्षांनी वापरली, तीही डॉक्टरांऐवजी शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविकांकडून. तिथे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

एचपीव्ही रोखणाऱ्या लसीच्या कथेतही बार्शी आहे. २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी, बार्शी आणि पुण्यातही, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्याचा अभ्यास सुरू झाला. २०१० मध्ये सरकारने एचपीव्ही लसीच्या सगळ्या चाचण्या थांबवल्या आणि हजारो मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांची साथ सोडली नाही. दहा वर्षांनी दिसलं, की सोळा आणि अठरा या प्रकारांच्या टिकून राहणाऱ्या लागणीपासून एका डोसनेही ९५ टक्क्यांच्या आसपास संरक्षण दिलं होतं, दोन-तीन डोस घेतलेल्यांइतकंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक डोस पुरेसा धरला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचा मोठा वाटा आहे.

एवढं सगळं इथल्या बायका-मुलींच्या अंगावर शिकून झालं, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. मला हा आकडा सहन होत नाही.

तेव्हा घरातल्या घरात करण्याजोगं सांगते. मुलगी नऊ ते चौदा वर्षांची असेल तर बालरोगतज्ज्ञांकडे लसीबद्दल विचारा; लागण होण्याआधी घेतली तर ती सर्वांत चांगली लागू पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ २०२३ पासून मिळते. तिशी ओलांडलेल्या बाईने काहीही त्रास नसताना तपासणी करून घ्यावी. ‘मला काय झालंय?’ म्हणणारीसाठीच ती आहे. पाळीचे दिवस टाळावेत. काही मिनिटांचं काम असतं, भूल लागत नाही. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर बाईला स्वतःही घेता येतो, संकोचामुळे मागे राहणाऱ्यांना हे जरूर सांगा. संबंधानंतर रक्त जाणं, पाळी कायमची गेल्यावर पुन्हा अंगावर जाणं, घाण वासाचा स्राव, यांतलं काहीही असेल तर मात्र अंगावर काढू नये, लगेच डॉक्टरांकडे जावं. आणि लस घेतलेल्या मुलीनेही तिशीनंतर तपासणी चुकवायची नाही, कारण विषाणूचे सगळेच प्रकार लसीत येत नाहीत.