फोक्सवॅगन विजेवर गेली, कामगारांचं काय झालं?

आपल्या घरात किंवा नात्यात कुणी ना कुणी गॅरेजमध्ये, स्पेअर पार्टच्या दुकानात नाहीतर ड्रायव्हर म्हणून काम करत असतो. त्यामुळे 'आता सगळ्या गाड्या विजेवर चालणार' अशी बातमी आली की पहिला प्रश्न रोजगाराचाच येतो. याचं उत्तर शोधायचं तर जर्मनीतल्या फोक्सवॅगनकडे पाहावं लागेल.

ही कंपनी १९३७ सालची. पेट्रोल आणि डिझेलच्या गाड्यांवर ती मोठी झाली. पण सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेत तिची लबाडी उघड झाली. तपासणी सुरू असताना धूर कमी दाखवणारं सॉफ्टवेअर तिच्या डिझेल गाड्यांत बसवलेलं होतं. जगभरातल्या सुमारे १ कोटी १० लाख गाड्या त्यात सापडल्या. कंपनीला अब्जावधी डॉलर मोजावे लागले, नाव खराब झालं ते वेगळंच. त्यानंतर फोक्सवॅगनने विजेच्या गाड्यांवर मोठा डाव लावला.

पहिली निवड झाली झ्विकाऊ शहराची. पूर्व जर्मनीच्या काळात ट्राबांट ही छोटी गाडी इथेच बनायची. १९९० पासून इथे फोक्सवॅगनच्या गाड्या बनू लागल्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये आयडी.३ या विजेच्या गाडीचं उत्पादन सुरू झालं, तेव्हा चॅन्सलर अँगेला मर्केल स्वतः हजर होत्या. जून २०२० मध्ये इथून शेवटची इंजिनवाली गाडी बाहेर पडली. कामगार सुमारे आठ हजार. त्यांना काढून टाकलं नाही, नव्या कामाचं शिक्षण दिलं.

हे शिक्षण का लागलं? कारण विजेच्या गाडीत पिस्टन, क्लच, सायलेन्सर, फ्युएल पंप यातलं काहीच नसतं. मोटरमध्ये फिरणारे भाग अगदी मोजके. म्हणजे भाग कमी, ते बनवणारे हातही कमी. उलट बॅटरी साधारण ४०० व्होल्टची असते. तिथे एक चूक जिवावर बेतू शकते.

इथपर्यंत सगळं नीट चाललं होतं. मग डिसेंबर २०२३ मध्ये जर्मन सरकारने विजेच्या गाडीवरचं अनुदान अचानक बंद केलं. मागणी घसरली. त्याच वर्षी चीनच्या बाजारात बीवायडी कंपनीने फोक्सवॅगनला मागे टाकलं. वर्षानुवर्षं तिथे पहिला नंबर फोक्सवॅगनचाच असायचा.

डिसेंबर २०२४ मध्ये कंपनी आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. २०३० पर्यंत जर्मनीत ३५ हजारांहून जास्त जागा कमी करायच्या, पण कुणाला जबरदस्तीने काढायचं नाही. लवकर निवृत्ती वगैरे मार्गाने संख्या खाली आणायची. झ्विकाऊचं काय? आयडी.३ तिथून हलणार आणि २०२७ पासून तिथे ऑडीची एकच गाडी उरणार. म्हणजे सगळ्यात आधी बदललेल्या कारखान्यालाच मोठा फटका.

मग शिकणं वाया गेलं का? नाही. शिकले म्हणून २०२० मध्ये त्यांचं काम टिकलं, संघटित होते म्हणून २०२४ मध्ये थेट घरी बसावं लागलं नाही. पण सगळा भार एकाच प्रकारच्या गाडीवर टाकला, ते महागात पडलं.

याच समूहाचा एक कारखाना आपल्या पुण्याजवळ, चाकणला आहे. तिथे व्हर्टस, टायगुन अशा पेट्रोलच्या गाड्या बनतात. आपल्याकडे बदल हळूहळू येतोय, म्हणून हाताशी वेळ आहे. ऑईल बदलणं, क्लच, प्लग, सायलेन्सर ही कामं विजेच्या गाडीत राहणार नाहीत. टायर, ब्रेक, सस्पेन्शन, एसी, डेंटिंग-पेंटिंग ही राहतील. वायरिंगचं काम तर वाढेल.

तेव्हा गॅरेजवाल्या भावांनी आजचं काम सोडायची घाई करू नये. मात्र घरातला एखादा मुलगा किंवा मुलगी आयटीआयला जाणार असेल, तर इलेक्ट्रिकल आणि बॅटरीचं काम शिकवणारा कोर्स कुठे आहे याची चौकशी आत्ताच करा. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. विजेच्या गाडीतली नारिंगी केबल म्हणजे हाय व्होल्टेज. शिकल्याशिवाय तिला हात लावायचा नाही.