अडेनियम घरात ठेवताना

अडेनियम मूळचं आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. पाणी ते फुगीर बुंध्यात साठवतं. त्यामुळे उन्हाळा त्याला मानवतो, घात होतो तो पावसाळ्यात. कुंडी पावसाच्या झडीपासून आत घ्या, खालची बशी काढा आणि माती तळापर्यंत सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. बुंधा बोटाने दाबून पाहा: नुसता सुरकुतला असेल तर झाड तहानलंय, पण मऊ, ओलसर लागला तर कुजतंय. हिवाळ्यात पानं गळतात. घाबरून पाणी वाढवू नका, झाड विश्रांती घेतंय. तेव्हा ऊन दक्षिणेच्या खिडकीतून आत येतं, कुंडी तिथे ठेवा. छाटणी फेब्रुवारी-मार्चमध्ये, हातमोजे घालूनच. कण्हेरीच्या कुळातल्या या झाडाचा चीक विषारी असतो.