चूक सापडेना

1999च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी रक्तपात घडवला. दोघांनाही ‘डूम’ या गोळीबाराच्या व्हिडिओ गेमचा नाद होता, हे बाहेर येताच देशभर गहजब उडाला. असले खेळ तरुणांची डोकी नासवतात, असा निवाडा अनेकांनी देऊन टाकला. ही धग पुरती विझण्याआधीच न्यू यॉर्क राज्यातील रॉचेस्टर विद्यापीठात एका तरुणाच्या पुढ्यात या खेळांविषयीचा निराळाच पुरावा येऊन पडला. गंमत अशी, की त्याला तो प्रथम ओळखताच आला नाही.

तिथे मेंदुशास्त्रज्ञ डॅफ्नी बाव्हेलिए यांच्या प्रयोगशाळेत कर्णबधिरांच्या दृष्टीचा अभ्यास चालला होता. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांचा मेंदू नजरेच्या कडेला घडणाऱ्या गोष्टींकडे अधिक लक्ष पुरवतो का, हा त्यांचा प्रश्न. त्यासाठीची संगणकीय चाचणी तयार करण्याचे काम शॉन ग्रीन या पदवीच्या विद्यार्थ्याकडे आले. पडद्यावर क्षणभर चमकून लुप्त होणारी खूण नेमकी कुठे दिसली, ते ओळखायचे. भल्याभल्यांनी वारंवार चुकावे, इतकी ती अवघड असणे अपेक्षित होते.

ग्रीन स्वतःच पहिला परीक्षार्थी झाला. उत्तरे जवळजवळ बिनचूक आली! आनंद होण्याऐवजी त्याच्या मनात पाल चुकचुकली. आपल्या प्रोग्रॅममध्येच काही घोटाळा असणार, असे त्याने धरले; पण चूक सापडेना. मित्रांना बसवले, तर त्यांनीही चाचणी लीलया पार केली. संशय आणखी बळावला. अखेर खुद्द बाव्हेलिए चाचणीला बसल्या आणि त्यांचे गुण मात्र चारचौघांसारखेच आले. म्हणजे चाचणी निर्दोष होती. वेगळी होती ती ही पोरे.

मग त्यांच्यात सामाईक काय? शोध घेता उलगडा झाला. अव्वल ठरलेले सगळे ‘टीम फोर्ट्रेस क्लासिक’ हा गोळीबाराचा व्हिडिओ गेम एकत्र खेळणाऱ्या कंपूतले होते. कर्णबधिरांसाठी रचलेल्या चाचणीने अचानक गेमर हुडकून काढले होते!

परंतु एवढ्याने शोध सिद्ध होत नव्हता. खेळाने नजर तीक्ष्ण केली, की मुळात तीक्ष्ण नजरेचेच तरुण असल्या खेळांकडे ओढले जातात? ग्रीन आणि बाव्हेलिए यांनी मग खेळाडू आणि न खेळणारे यांची रीतसर तुलना केली. पुरेसे खेळणाऱ्या तरुणी इतक्या दुर्मीळ होत्या, की ती तुलना फक्त तरुणांवरच भागवावी लागली. पुढची पायरी निर्णायक होती. असे खेळ न खेळणाऱ्यांपैकी काहींच्या हाती ‘मेडल ऑफ ऑनर’ हा युद्धाचा खेळ दिला, इतरांच्या हाती ठोकळे रचण्याचा ‘टेट्रिस’. रोज एक तास, असे दहा दिवस. पुन्हा चाचण्या झाल्या, तेव्हा युद्ध खेळलेल्यांनी टेट्रिसवाल्यांना मागे टाकले. मे 2003मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकाने हा निष्कर्ष छापला आणि ज्या खेळांना लोक शिव्या घालत होते, तेच लक्ष देण्याची क्षमता वाढवतात, ही वार्ता जगभर पसरली.

कसोटीचा काळ त्यानंतर आला. 2008मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉल्टर बूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न खेळणाऱ्यांना वीस तासांहून अधिक सराव दिला, तरी तसा ठळक लाभ दिसेना. 2011मध्ये बूट यांच्या गटाने वर्मावर बोट ठेवले: आपल्याला गेमर म्हणून बोलावले आहे हे ज्याला ठाऊक, तो ईर्षेने अधिक जीव ओतणारच! दहा दिवसांत उभारलेला विजय डळमळू लागला.

बाव्हेलिए आणि त्यांचे सहकारी मात्र मागे हटले नाहीत. मधल्या काळात, 2009मध्ये, त्यांनी पन्नास तासांच्या दीर्घ सरावाचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. त्यात राखाडी रंगाच्या पुसट छटांमधला फरक टिपण्याची शक्ती वाढलेली आढळली. 2018मध्ये त्यांनी अनेक वर्षांच्या प्रयोगांचे एकत्रित विश्लेषण मांडले. नेहमी खेळणाऱ्यांची आघाडी त्यात मध्यम दिसली. केवळ सरावाने मिळणारा लाभ त्याहून लहान, पण शिल्लक होता.

या शोधाने युद्धाच्या खेळांना शहाणपणाचे प्रमाणपत्र दिले नाही, आणि मुलांचा अभ्यास त्यांनी सुधारतो असेही सांगितले नाही. त्याने संशोधकांना मोजता येईल असा प्रश्न दिला: कोणता खेळ, किती तास आणि मेंदूच्या नेमक्या कोणत्या कामावर परिणाम? ग्रीनने ते अशक्य वाटणारे गुण बिघाड म्हणून खोडून टाकले असते, तर हा प्रश्न रॉचेस्टरमध्ये तरी तेव्हा कोणी विचारला नसता.