चालणाऱ्यांच्या वतीने कोण बोलतं?

तत्त्वज्ञानाच्या मास्तराने पायवाटांवर व्याख्यान द्यावं, हे तुमच्यापैकी काही जणांना विचित्र वाटलं असेल. खरं सांगायचं तर माझा रस डोंगरात जरा कमी आणि 'वतीने' या शब्दात जास्त आहे. 'अमुक यांच्या वतीने' असं आपण पत्राच्या खाली किती सहज लिहितो! पण एक माणूस दुसऱ्याच्या वतीने बोलतो म्हणजे नेमकं काय करतो? राजकीय तत्त्वज्ञानातला हा जुना वाद आहे. एडमंड बर्कने १७७४ साली ब्रिस्टलच्या मतदारांना ऐकवलं, की मी तुमचा निरोप्या नाही, मी माझ्या विवेकाने ठरवणार. हॅना पिटकिन या विदुषीने १९६७ साली याच संकल्पनेवर एक आख्खा ग्रंथ लिहिला. हा वाद संसदेच्या उदाहरणाने नेहमीच समजावला जातो. मी आज तो उत्तर इंग्लंडमधल्या पदभ्रमण मंडळांच्या महासंघाच्या उदाहरणाने समजावणार आहे.

नकाशा डोळ्यांसमोर आणा. पश्चिमेला मँचेस्टर, पूर्वेला शेफिल्ड, दोन्ही धुराने काळवंडलेली कारखान्यांची शहरं. मधोमध पीक डिस्ट्रिक्टचे उघडे, वारा खाणारे माळ. त्यातला सगळ्यात उंच किंडर स्काउट, ६३६ मीटर. म्हणजे आपल्या सिंहगडाच्या निम्माही नाही. रविवारी सकाळी स्वस्त तिकिटावर आगगाडीने निघायचं, दिवसभर चालायचं आणि संध्याकाळी परत यायचं, अशी हजारो कामगारांची रीत होती. त्यांची मंडळं होती. कुठे चर्चचं, कुठे कारखान्यातलं, कुठे समाजवाद्यांचं. शेफिल्डचं क्लॅरियन रॅम्बलर्स हे मंडळ जी. एच. बी. वॉर्ड यांनी १९०० साली काढलं. अशा मंडळांचे मग शहरवार महासंघ झाले. मँचेस्टर आणि परिसरातल्या रॅम्बलर मंडळांचा महासंघ हा त्यांतला मोठा आणि दबदब्याचा.

हा महासंघ करत काय होता? सहली काढणं हे मंडळांचं काम. महासंघाचं काम कंटाळवाणं होतं, आणि म्हणूनच महत्त्वाचं होतं. एखाद्या शेतकऱ्याने वाटेवर काटेरी तार घातली, कोणी फाटकाला कुलूप लावलं, कोणी 'प्रवेश बंद'ची पाटी ठोकली, की तक्रार नोंदवायची. मग पत्रव्यवहार, मग प्रशासनाकडे खेटे. एकट्या माणसाचं पत्र टोपलीत जातं. शेकडो मंडळांच्या शिक्क्याचं पत्र निदान फायलीत तरी जातं. या कामात त्यांच्याआधीची एक संस्थाही होती, १८९४ साली स्थापन झालेली पीक आणि नॉर्दर्न फूटपाथ सोसायटी. तिच्या हिरव्या लोखंडी दिशापाट्या आजही त्या माळांवर उभ्या दिसतात.

आता इथे कायद्याचा मुद्दा येतो, आणि आपल्याकडे त्याला फार सुंदर शब्द आहे: वहिवाट. ज्या वाटेने लोक वर्षानुवर्षं उघडपणे, कोणाची परवानगी न मागता चालत आले, ती वाट सार्वजनिक. इंग्लंडमध्ये हे तत्त्व जुनंच, पण सिद्ध करणं महाकठीण होतं. १९३२ च्या 'राइट्स ऑफ वे' कायद्याने ते सोपं केलं. साधारणपणे २० वर्षांची अखंड वहिवाट दाखवा, वाट तुमची. ती दाखवायची कशी? म्हाताऱ्या माणसांच्या साक्षी, जुने नकाशे, जुन्या सहलींच्या नोंदी. वॉर्ड यांच्या मंडळाच्या, खिशात मावणाऱ्या हँडबुकांत वाटांचा इतिहास छापलेला असे. छंद म्हणून लिहिलेली टिपणं अशी पुराव्याच्या कामाची झाली. (संस्थांचे जुने अहवाल रद्दीत घालणाऱ्या आपल्याकडच्या सचिवांनी हे जरूर ऐकावं.)

आपल्याकडे १८८२ च्या इंडियन ईझमेंट्स अ‍ॅक्टमध्येही २० वर्षांचीच मुदत आहे. पण तो हक्क जमिनीला चिकटलेला असतो. माझ्या शेतात जायला तुमच्या बांधावरून वाट, अशा स्वरूपाचा. शेतरस्ता कोणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मात्र नुसता गडावर चालत जाणारा माणूस, ज्याचं तिथे शेत नाही की घर नाही, तो या दोन्ही कायद्यांच्या चौकटीत नीट बसत नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी यावर जरूर विचार करावा; मी पुढे जातो.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावाजवळच्या एका दगडखाणीत काही शे तरुण जमले. बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा पोरगा दगडावर चढून बोलला, आणि सगळे विल्यम क्लफच्या घळीतून किंडरच्या बंद माळावर चढले. माळ बंद का? तर तिथे ग्राउस नावाच्या पक्ष्याची शिकार चाले. वर्षातले थोडे दिवस मालकांनी बंदुका चालवायच्या आणि त्यासाठी राखणदारांनी वर्षभर माणसं हाकलायची. वर राखणदारांशी झटापट झाली. खाली उतरल्यावर पोलिसांनी धरपकड केली, आणि डर्बीच्या न्यायालयाने पाच जणांना दोन ते सहा महिन्यांची कैद दिली. रॉथमनला चार महिने. गंमत अशी की नुसतं दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणं हा तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता. शिक्षा झाली ती दंगा आणि मारहाणीच्या आरोपांवर.

ही मोहीम मँचेस्टरच्या महासंघाने काढली होती का? नाही. ती काढली डाव्या विचारांच्या एका कामगार क्रीडा संघटनेने. महासंघाने तिच्याशी आपला संबंध नाही असं जाहीर केलं. त्यांचं म्हणणं, आम्ही वर्षानुवर्षं जमीनमालकांशी बोलतोय, थोडं थोडं मिळवतोय, या पोरांनी एका दुपारी सगळं मागे नेलं. हे म्हणणं भित्रेपणाचं म्हणून उडवून लावू नका. वाटाघाट करणाऱ्याची पत ही त्याची भांडवली रक्कम असते.

पण मला वाटतं महासंघाचं एका ठिकाणी चुकलं, आणि ती चूक तर्काची आहे. पायवाटेसाठी त्यांची पद्धत उत्तम होती, कारण तिथे वहिवाट होती, पुरावा होता. मोकळ्या माळाचं तसं नाही. तिथे राखणदार माणसाला पाऊलच ठेवू देत नव्हता. मग २० वर्षांची अखंड वहिवाट तयार होणार कशी? म्हणजे ज्याने जास्त कडक बंदी घातली, त्याच्याविरुद्ध पुरावा कमी. जुन्या हक्काचे कागद गोळा करून हे कोडं सुटणारं नव्हतंच. तिथे नवा हक्कच मागायला हवा होता, आणि तो शिष्टमंडळाने मागावा की गर्दीने, हा पुढचा प्रश्न. कैदेच्या शिक्षेनंतर मात्र सहानुभूतीची लाट आली. मोहिमेवर नाराज असलेले कित्येक जणही शिक्षेमुळे चिडले.

या सगळ्या शहरी महासंघांची मिळून १९३५ साली रॅम्बलर्स असोसिएशन ही राष्ट्रीय संघटना झाली. आणि चारच वर्षांत तिची परीक्षा झाली. आर्थर क्रीच जोन्स या खासदाराने माळ खुले करण्याचं विधेयक आणलं. समितीत जमीनमालकांच्या बाजूने एकेक दुरुस्ती घुसली. सरसकट हक्क गेला, त्याजागी प्रत्येक प्रदेशासाठी वेगळा अर्ज करायची तरतूद आली. वर, काही परिस्थितीत अतिक्रमण हा चक्क गुन्हा ठरला, जो आजवर नव्हता! संघटनेच्या पुढाऱ्यांनी वाटाघाटीत हे बरंचसं पदरात घेतलं, आणि उत्तरेकडच्या सभासदांत संतापाचा भडका उडाला. हा १९३९ चा 'ॲक्सेस टु माउंटन्स' कायदा. बर्कच्या बाजूने बोलायचं तर पुढाऱ्यांनी आपला विवेक वापरला. सभासद विचारत होते, आमच्या वतीने आमच्याचविरुद्ध गुन्हा मान्य करायचा अधिकार तुम्हाला दिला कोणी? मी सभासदांच्या बाजूने आहे. प्रतिनिधी कमी आणू शकतो, रिकाम्या हाताने येऊ शकतो. पण घरात होतं ते देऊन येऊ शकत नाही. सुदैवाने युद्ध आलं, तो कायदा कधी वापरलाच गेला नाही आणि १९४९ साली रद्द झाला.

१९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्यानं आली आणि प्रत्येक कौंटीने आपल्या हद्दीतल्या सार्वजनिक वाटांचा अधिकृत नकाशा करायचा असं ठरलं. नकाशा करायचा तर वाटा कोणीतरी चालून बघायला हव्यात! ते काम मोठ्या प्रमाणात याच मंडळांच्या स्वयंसेवकांनी केलं. असोसिएशनचा सचिव टॉम स्टीफन्सन याची एक युक्ती मला फार आवडते. पेनाइन डोंगररांगेवरून एक लांब पायवाट व्हावी असा लेख त्याने १९३५ सालीच वर्तमानपत्रात लिहिला होता. १९४८ साली त्याने काय केलं, तर बार्बरा कॅसल, ह्यू डाल्टन वगैरे खासदारांना बरोबर घेतलं आणि त्या मार्गावरून चालवलं. निवेदन वाचताना माणसाला डुलकी लागते, चिखलातून चालताना लागत नाही. ती पेनाइन वे १९६५ साली खुली झाली.

'मग सरतेशेवटी किंडर कोणी उघडलं, महासंघाने की रॉथमनने?' अशी एक चिठ्ठी समोरून आली आहे. पीक डिस्ट्रिक्ट १९५१ साली पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, आणि पुढे किंडरच्या माळासाठी मालकांशी प्रवेशाचे करार झाले. त्या करारांवर रॉथमनची सही नव्हती, आणि कराराची भाषा महासंघाचीच होती. पण मालक कराराला का तयार झाले, हे १९३२ वगळून मला सांगता येत नाही. संपूर्ण इंग्लंड आणि वेल्समध्ये मोकळ्या माळावर चालण्याचा हक्क कायद्याने आला तो २००० साली. आणि २००२ मध्ये, त्या मोहिमेला सत्तर वर्षं झाली तेव्हा, ज्या ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या घराण्याची ती जमीन होती, त्यांच्या वारसाने तिथल्या समारंभात येऊन आजोबांच्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली. आता, हा नातू आजोबांच्या वतीने बोलू शकतो का, तो विषय आपण पुढच्या वेळी घेऊ.