साबणात मध घातला की रंग का बदलतो?

घरी साबण बनवून विकणाऱ्यांची एक तक्रार नेहमी कानावर येते. तेल तेच, मध तोच, तरी मागच्या खेपेची वडी बदामी आणि या खेपेची चॉकलेटी! कापडात छटा नमुन्याबरहुकूम नसेल तर आम्ही माल परत करतो. साबणाचे गिऱ्हाईकही तसेच. माल जुना किंवा भेसळीचा आहे असे त्याला वाटते.

मधात साधारण ३८ टक्के फ्रुक्टोज आणि ३१ टक्के ग्लुकोज असते. या साखरा सुट्या असतात. कॉस्टिकशी गाठ पडताच त्या तुटू लागतात, त्यातून आधी पिवळे, मग तांबूस, शेवटी तपकिरी पदार्थ बनतात आणि घोळ तापतो. जितका तापेल तितका रंग गडद. वडी कापल्यावर मध्ये काळसर वर्तुळ आणि कडेला फिकटपणा दिसतो तो यामुळेच, कारण साच्याच्या पोटात ऊब टिकते. पुष्कळजण मधवाल्याला दोष देतात. मला तो अन्याय वाटतो.

घरच्या पांढऱ्या साखरेचे मात्र वेगळे. तिच्यात ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकमेकांना जखडलेले असतात, कॉस्टिकच्या सहज हाती लागत नाहीत. म्हणून फेस वाढवायला ती आधी पाण्यात विरघळवून घालतात आणि रंग फारसा बदलत नाही. पण लिंबू पिळून उकळलेला पाक वापरला तर जखड सुटते आणि गत मधासारखीच होते. गुळात थोडी साखर आधीच सुटलेली असते, शिवाय त्याचा स्वतःचा रंग. दुधातली साखरही तांबूस होते. म्हणून जाणकार दूध गोठवून त्यात कॉस्टिक थोडे थोडे टाकतात.

रंगारी बांधवांना याचे नवल वाटणार नाही. निळीच्या पिंपात चुन्याबरोबर गूळ घालायची रीत जुनी आहे.

आता कामाचे. अर्धा किलो तेलाला एक-दोन चहाचे चमचे मध पुरे. तो थोड्या कोमट पाण्यात कालवून, घोळ दाटसर झाल्यावर शेवटी घालावा. कॉस्टिकच्या गरम पाण्यात मध कधीच टाकू नये, उकळून अंगावर येतो. तेल आणि कॉस्टिकचे पाणी ३५ ते ४० अंशांवर आणून मगच मिसळावे. भांडे अॅल्युमिनियमचे नको. फिकट रंग हवा असेल तर साचा गोधडीत न गुंडाळता फ्रिजमध्ये ठेवावा. गडद पण एकसारखा हवा असेल तर उलट करावे, सगळीकडून ऊब द्यावी.

एक खूण लक्षात ठेवा. मधाचा रंग पहिल्या दिवसातच बराचसा चढतो. वडी चांगली सुकत असताना काही दिवसांनी तपकिरी पडू लागली, तर बहुधा व्हॅनिलाच्या सुगंधाचा प्रताप समजावा.

विक्रीसाठी माल करणाऱ्यांना सौंदर्यप्रसाधनांचा परवाना लागतो. २०२० च्या नियमांची चौकशी अन्न व औषध प्रशासनाच्या कार्यालयात आधीच करावी, आणि प्रत्येक खेपेचे तापमान वहीत लिहून ठेवावे.