कॅमेऱ्यातला कोणता एचडी फॉरमॅट निवडायचा? दशावताराच्या रात्री मिळालेला धडा

लोकलमध्ये इयरफोन घरीच राहिल्याचं लक्षात येतं, अशांसाठी हा भागाचा लेखी अवतार. बोलताना मी आकडे भरभर सांगून टाकले होते, ते इथे नीट मांडलेत.

गेल्या मार्गशीर्षात कुडाळ तालुक्यात मामाच्या गावी गेलो होतो. देवळाच्या जत्रेत रात्रभर दशावतार आणि त्यात मामाची भूमिका. गुडघे साथ देत नाहीत म्हणून हा त्याचा शेवटचा सीझन. दशावतारात संवाद लिहून दिलेले नसतात. कथा ठरलेली, पण शब्द कलाकाराला तिथल्या तिथे सुचतात. म्हणजे रिटेक नाही, स्क्रिप्ट नाही. रेकॉर्ड झालं तेवढंच उरणार.

मी इंजिनियर माणूस! मेन्यूत गेलो आणि सगळ्यात मोठा आकडा निवडला: एमपी४, १०८०पी, ५० एमबीपीएस. मामेभाऊ दुसऱ्या बाजूला जुना कॅमकॉर्डर घेऊन उभा होता. त्याच्याकडे एव्हीसीएचडी, ५०आय, तेही सगळ्यात हलक्या ५ एमबीपीएस मोडमध्ये. मी त्याला हसलो होतो, हे आधीच कबूल करतो.

आता हे शब्द एकेक करून घेऊ.

बिटरेट. एका सेकंदाला किती डेटा लिहिला जातो, तो बिटरेट. आठाने भागलं की मेगाबाइट मिळतात. ५० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ६.२५ एमबी, तासाला साधारण २२.५ जीबी. २८ एमबीपीएसला तासाला १२.६ जीबी आणि ५ एमबीपीएसला फक्त सव्वादोन जीबी. म्हणजे ६४ जीबीचं कार्ड पहिल्यात पावणेतीन तास, दुसऱ्यात पाच तास पुरतं. कार्डाचा वेगही बघा. क्लास ४ कार्ड सेकंदाला किमान ४ एमबी लिहिण्याची हमी देतं, ५० एमबीपीएसला ते पुरणार नाही. क्लास १० घ्या.

आय आणि पी. ५०आय म्हणजे सेकंदाला ५० अर्ध्या फ्रेम: एकदा विषम ओळी, एकदा सम. जुन्या टीव्हीसाठी ही युक्ती चांगली होती. पण मोबाइलचा स्क्रीन पूर्ण फ्रेम एकदम दाखवतो. त्यामुळे देव-राक्षसांची लढाई सुरू झाली की तलवारीच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेघा दिसतात. ५०पी मध्ये ५० पूर्ण फ्रेम मिळतात, हालचाल स्वच्छ. आणि ६० का नको? आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ६० वर शूट केलं तर काही दिव्यांखाली चित्र लुकलुकतं.

कोडेक आणि कंटेनर. इथेच मी फसलो. एव्हीसीएचडी २००६ साली सोनी आणि पॅनासॉनिकने मिळून जाहीर केला. २०११ च्या सुधारित आवृत्तीत ५०पी आणि २८ एमबीपीएस आले. त्यात व्हिडिओ दाबला जातो एच.२६४ कोडेकने. माझ्या एमपी४ मध्येही एच.२६४ च होता. भाजी तीच, डबा वेगळा. एव्हीसीएचडीचा डबा एमटीएस. त्यात डेटा छोट्या तुकड्यांत जातो आणि प्रत्येक तुकड्यावर स्वतःची चिठ्ठी असते. एमपी४ ची अनुक्रमणिका मात्र बहुतेक कॅमेरे रेकॉर्डिंग थांबवल्यावर, शेवटी लिहितात.

आता ती रात्र. पहाटे तीनच्या सुमारास कुणाचा तरी पाय एक्स्टेंशन बोर्डच्या वायरीत अडकला. दोन्ही कॅमेरे त्याच बोर्डवर. माझी बॅटरी संपलेली, त्याचीही. दोन्ही एका क्षणात बंद.

माझी सत्तर मिनिटांची सलग क्लिप, सव्वीस जीबी, उघडेचना. अनुक्रमणिका लिहायची राहिली होती. मामाची एन्ट्री आणि मोठा संवाद, सगळं त्यातच. दुरुस्तीचे प्रोग्राम वापरून तीन रात्री घालवल्या. तुकड्या-तुकड्याने चित्र आलं, आवाज नाही. मामेभावाची क्लिप वायर निघाली त्या क्षणापर्यंत व्यवस्थित चालली. लढाईत चौकोन फुटतात, रेघा दिसतात, पण मामाचा शब्द न् शब्द आहे.

मामाला मोबाइलवर ती ऐकवली. मी चित्राबद्दल सॉरी म्हणत होतो, तर तो म्हणाला, ‘‘चित्राचा रवांदे रे, आवाज इलो मां!’’

म्हणून आता मी आकडा बघून फॉरमॅट निवडत नाही. स्वतःला तीन प्रश्न विचारतो.

पहिला, हे परत घडणार आहे का? नाटक, लग्न, आजीच्या ओव्या असं एकदाच घडणारं आणि लांबलचक असेल, तर एव्हीसीएचडी ५०पी, २८ एमबीपीएस. रिटेक घेता येणार असेल, तर ५० एमबीपीएसचा एमपी४ बिनधास्त वापरा. रंग, कट वगैरे एडिटिंगला तो जास्त मोकळीक देतो.

दुसरा, किती वेळ चालणार? तासांचा हिशेब करून कार्ड घ्या. एमपी४ असेल तर दर पंधरा-वीस मिनिटांनी, प्रवेश बदलताना, रेकॉर्डिंग थांबवून परत सुरू करा. गेलीच तर एक क्लिप जाईल, रात्र नाही. आणि अ‍ॅडॅप्टर लावला तरी चार्ज केलेली बॅटरी आत ठेवा.

तिसरा, बघणार कुठे? एमटीएस फाइल बऱ्याच मोबाइलवर सरळ चालत नाही. एफएफएमपेग या फुकटच्या प्रोग्रामने व्हिडिओ ‘कॉपी’ ठेवून आणि आवाज एएसी करून ती एमपी४ मध्ये टाका. काही मिनिटांचं काम, चित्राचा दर्जा तसूभरही कमी होत नाही. फक्त कार्डावरून सुट्या फाइल उचलू नका, पूर्ण फोल्डर कॉपी करा. कॅमेरा लांब क्लिपचे तुकडे करतो, आणि नुसते तुकडे उचलून जोडले तर सांध्यावर आवाज अडखळू शकतो.

पुढच्या जत्रेला जायच्या आधी घरी दहा मिनिटांची टेस्ट करा आणि ती स्वतःच्या मोबाइलवर लावून बघा. एवढं केलंत तरी पुष्कळ.

चला, भेटू पुढच्या भागात!