माती जिवंत आहे का, हे कसे ओळखावे?

मृद आरोग्य पत्रिका आता बहुतेक शेतकरी घरांत ओळखीची झाली आहे. केंद्र सरकारने ही योजना १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानातील सुरतगड येथून सुरू केली. पत्रिकेत मातीच्या १२ गोष्टी तपासून दिलेल्या असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक; जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन; आणि सामू, क्षारता व सेंद्रिय कर्ब. कराड तालुक्यातील आमच्या उसाच्या रानाची पत्रिका काकांनी मला मोबाईलवर पाठवली आणि विचारले, "यात सगळं लिहिलंय, पण माती जिती हाय का मेली, ते कुठं लिहिलंय?"

प्रश्न रास्त होता. खताचा खर्च दरवर्षी वाढतो आहे, एकरी टनेज मात्र आहे तिथेच आहे. तोडणीनंतर पाचट जाळायचे की रानात ठेवायचे, हेही त्यांना ठरवायचे होते.

पत्रिकेतील बारा गोष्टींपैकी सेंद्रिय कर्ब तेवढा जिवाणूंशी थेट संबंधित आहे. तो ०.५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर कमी, ०.५० ते ०.७५ मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर भरपूर समजतात. पण कर्ब म्हणजे कोठारातले धान्य. कोठारात किती आहे हे त्यावरून कळते. जेवणारे किती आहेत आणि त्यांना भूक आहे का, हे कळत नाही. त्यासाठी जिवाणूंचे काम मोजावे लागते.

वडिलांच्या बदलीमुळे आमचे घर सध्या लखनौच्या विकास नगरमध्ये आहे. उन्हाळी सुट्टीत मी घरामागच्या भाजीच्या वाफ्यात काही सोप्या चाचण्या करून पाहिल्या आणि मग त्यांची रीत काकांना कळवली. कोणत्याही कॅडेटला त्या घरी करता येतील.

पहिली चाचणी मातीच्या श्वासाची. जिवाणू आपल्यासारखाच ऑक्सिजन घेतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. तीन सारख्या बरण्या घ्या. एकीत वाफ्यातली १०० ग्रॅम ओलसर माती, दुसरीत पायवाटेवरची तुडवलेली तेवढीच आणि तेवढीच ओलसर माती, तिसरी रिकामी. प्रत्येकीत चुन्याच्या निवळीची छोटी वाटी ठेवून झाकण घट्ट लावा. निवळी जितकी लवकर दुधाळ होईल, तितका मातीचा श्वास जोरात. रिकामी बरणी आवश्यक आहे, कारण हवेतही थोडा कार्बन डायऑक्साइड असतोच. आमच्याकडे शेणखत घातलेल्या वाफ्याच्या बरणीतील निवळीवर सर्वांत आधी पांढरी साय धरली. चुना हाताळताना डोळे सांभाळावेत.

दुसरी चाचणी कापडाची. सुती कापड म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. बुरशी आणि जिवाणूंचे ते खाद्य. बिनरंगी सुती कापडाचे दोन सारखे तुकडे वजन करून १० ते १५ सेंटिमीटर खोल पुरावेत आणि खूण म्हणून नायलॉनचा दोरा वर ठेवावा. दोन महिन्यांनी काढून, धुऊन, वाळवून पुन्हा वजन करावे. जितके वजन घटले, तितके मातीने काम केले. स्वित्झर्लंडमध्ये २०२१ साली अशाच तपासणीसाठी सुमारे हजार लोकांनी दोन हजार सुती चड्ड्या जमिनीत पुरल्या होत्या! वाफ्यातला माझा तुकडा आईने जुलैत काढला, तेव्हा त्याची जाळी झाली होती. पायवाटेकडचा जवळजवळ अखंड होता.

तिसरी चाचणी गांडुळांची. २० सेंटिमीटर लांब, रुंद आणि खोल मातीचा ठोकळा काढून गांडुळे मोजावीत. ही पावसाळ्यात किंवा वाफसा असताना करावी. उन्हाळ्यात गांडुळे खोल जातात; तेव्हा शून्य आले म्हणून माती मेली असे होत नाही.

चौथी चाचणी कडधान्याच्या रानात होते. हरभरा किंवा भुईमुगाचे रोप अलगद उपटून मुळावरची गाठ नखाने कापा. आतून गुलाबी किंवा लाल असेल तर रायझोबियम जिवाणू हवेतील नत्र बांधत आहेत. पांढरी किंवा हिरवट असेल तर काम सुरू नाही किंवा संपले आहे.

प्रयोगशाळेत याच गोष्टी अधिक काटेकोर मोजतात. उदाहरणार्थ, डिहायड्रोजनेज या विकराच्या चाचणीत एक रंगहीन द्रव्य जिवंत पेशींच्या क्रियेने लाल होते आणि लाली यंत्राने मोजली जाते. अशा तपासणीचा नमुना उन्हात वाळवायचा नाही. ओलसर, थंड ठेवून लवकर पोचवायचा. म्हणूनच कराडची माती रेल्वेने लखनौला आणून तपासण्यात अर्थ नव्हता.

एक सावधगिरी. काळी माती आणि गंगेच्या खोऱ्यातील गाळाची माती यांची तुलना करू नये. रानाची तुलना त्याच रानाच्या बांधाशी करावी. बांध नांगरला जात नाही, त्यावर गवत असते. माती तीच, वागणूक वेगळी. चाचणी दरवर्षी त्याच महिन्यात, त्याच जागी करावी. तसेच जैविक चाचणी रासायनिक चाचणीची जागा घेत नाही. लखनौच्या आसपास ऊसर जमिनी आहेत. तिथे सामूच इतका जास्त असतो की आधी जिप्समने जमीन सुधारावी लागते, मगच जिवाणू टिकतात.

काकांनी पावसाळ्यात रान आणि बांध दोन्हीकडे ठोकळे काढले. बांधावर नऊ गांडुळे, रानात एक. एवढ्यावरून सगळे सिद्ध होत नाही, पण निर्णयाला आधार मिळाला. एक हेक्टर उसातून साधारण ८ ते १० टन पाचट निघते. जाळले की जिवाणूंचे अन्नच जाते. मात्र पाचटात कर्ब खूप आणि नत्र कमी, म्हणून ते कुजवताना जिवाणू मातीतलाच नत्र ओढतात आणि खोडवा पिवळा पडतो. यासाठी टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट आणि १ किलो कुजवणारे जिवाणू टाकण्याची शिफारस आहे.

काकांनी यंदा अर्ध्या रानात पाचट ठेवायचे ठरवले आहे, उरलेल्या अर्ध्यात नेहमीप्रमाणेच करणार आहेत. दोन्हीकडे एकाच दिवशी कापड पुरले जाईल आणि पुढच्या पावसाळ्यात ठोकळे निघतील. टनेज शेवटी कारखान्याचा काटा सांगेल. पण माती सुधारते आहे की नाही, हे त्याच्या कितीतरी आधी त्या कापडावर दिसेल.